पाइपाचा बंपर

मारुती म्हटला की तो उभा. एका हातावर द्रोणागिरी आणि शेपटी डोक्यावरून वळवलेली, नाहीतर रामापुढे हात जोडलेले. जामसांवलीचा मारुती मात्र निजलेला आहे. नागपूरहून सौंसरच्या रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर गेले की हे देवस्थान लागते. शेजारून जाम नदी वाहते. पिंपळाच्या पायथ्याशी शेंदराने माखलेला मारुतीराया आडवा पहुडलेला. पूर्वी मूर्ती उभीच होती असे तिथले लोक सांगतात. खाली धन पुरले आहे म्हणून चोर ती हलवायला आले, तेव्हा देव आपणहून आडवा झाला आणि मग तो कुणालाच हलवता आला नाही. मूर्तीच्या बेंबीशी झिरपणारे पाणी तीर्थ म्हणून देतात. मन थाऱ्यावर नसलेल्या माणसांना घेऊन घरची मंडळी इथे दिवसच्या दिवस राहतात. ते पाहून आपलेही मन जरा गप्प होते.

हा मुलूख मराठीच. नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रांतातला. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा नागपूर इकडे आले आणि सौंसर-पांढुर्णा तिकडे राहिले. परवा-परवापर्यंत हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता, २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. पाट्या हिंदीत आणि बोलणे मराठीत. आम्हा गोंयकारांना हे फार नवे नाही. आमच्याकडेही कागद एका भाषेत, भजन दुसऱ्या भाषेत आणि भांडण तिसऱ्या भाषेत चालत आलेले आहे!

पण लिहायला बसलो ते देवळाविषयी नव्हे. दर्शन घेऊन बाहेर आलो तर गाड्यांच्या रांगेत एक पांढरी अँबेसेडर उभी होती. पुढच्या जाळीला झेंडूची माळ, खाली लिंबू-मिरची. आणि जिथे कंपनीचा चकचकीत वळणदार बंपर असायचा तिथे लोखंडाचा एक सरळसोट चॅनल, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवलेला. रस्त्याच्या कामावर आडवा ठेवतात ना, तस्सा. मी वाकून पाहू लागलो. गाडीवाला उठून आला.

"काय पाहून राहिले जी?"

म्हटले, बंपर पाहतोय.

"ओरिजनल आता कुठं भेटते? अन् भेटलं तं परवडत नाही. हा लावला. भोकं तेच ठेवले पण. गाडीला नवीन भोक नाही पाडलं."

त्याचे हे शेवटचे वाक्य मी नागपूरपर्यंत घोळवत आलो. कारण आमच्या घरी गेले वर्षभर याच विषयावर वाद चालू आहे.

*

आमच्याकडे १९६६ सालची फियाट आहे. बाबांनी घेतलेली. 'डिलाइट' म्हणत त्या मॉडेलची, जीडी अक्षरांनी सुरू होणाऱ्या पाटीची. तिचा पुढचा बंपर फियाटचा नाही. तो दोन इंची पाणीपाइपाचा आहे. १९७८ च्या जूनमध्ये खनिजाच्या एका ट्रकने मागे घेताना आमची गाडी पुढून दाबली. दिवे वाचले, बंपर मात्र मधोमध मोडून इंग्रजी व्हीसारखा आत गेला. पावसाळा तोंडावर होता. मुंबईची बोट पावसात बंद असायची, कोकण रेल्वे यायला अजून वीस वर्षे होती आणि बंपरसाठी चौकशी केली तर उत्तर मिळाले, नाव लिहून ठेवा, आला की कळवू. कधी? ते कुणीच सांगेना.

तेव्हा आमच्या वाड्यापलीकडे एक मेस्त होते. मूळचा धंदा लोहाराचा, पण पंपापासून कारेरपर्यंत काहीही दुरुस्त करायचे. त्यांनी विहिरीवरचा जुना पाइप घेतला, एक टोक लाकडी खुंटीने बंद केले, आत सुकी वाळू ठोकून-ठोकून भरली आणि दुसरे टोकही बंद केले. वाळू का, तर पोकळ पाइप वाकवला की वळणावर चेपतो. आत वाळू गच्च असली की तो गोल राहूनच वळतो. मग भात्यावर लाल करून, जमिनीत रोवलेल्या दोन खुंट्यांमध्ये घालून हळूहळू वाकवला. पाइपावरचे जस्त जळून पांढरा धूर निघू लागला तेव्हा मला त्यांनी लांब उभे केले. टोकांना पत्र्याच्या चकत्या वेल्ड केल्या, मोडक्या बंपरची ब्रॅकेटे काढून तीच पाइपाला जोडली, वरून रुपेरी रंग. बाबांनी गाडीभोवती फेरी मारून विचारले, हा बंपर टिकेल ना? मेस्त म्हणाले,

"बाब, हो बंपर न्हय, ही वंय!"

वंय म्हणजे कुंपण. ते कुंपण आजतागायत उभे आहे. बाबा गेले, मेस्त गेले, गाडीचा रंग तीनदा बदलला.

आता मुलगा म्हणतो, गाडी मूळ रूपात आणू या. पाइप काढू, खरा क्रोमचा बंपर बसवू. मी नको म्हणतो. का नको, ते मला नीट सांगता येत नव्हते. म्हणून वाचत बसलो, चार माणसांशी बोललो. त्यातले काही इथे मांडतो.

*

बंपर हा शब्द आपण मोटारीपेक्षा लॉटरीमुळे जास्त वापरतो. दिवाळी बंपर, बंपर सोडत, बंपर पीक. इंग्रजीत हा शब्द मोटारीच्या आधी दोनशे वर्षे काठोकाठ भरलेल्या पेल्यासाठी वापरात होता. म्हणजे आमच्याकडे फेणीचा जो काठोकाठ कोप भरला जातो, तो खरा मूळ बंपर म्हणायला हरकत नाही!

पहिल्या मोटारींना बंपर नव्हताच. घोडागाडीला असतो का? बैलगाडीला असतो का? समोरून काही आले तर घोडा आपणहून बाजूला होतो. मोटारीला ही अक्कल नाही, म्हणून आडवी पट्टी. १८९७ साली मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, नेसेल्सडॉर्फच्या कारखान्यात 'प्रेसिडेंट' नावाची मोटार तयार झाली. तिला पुढे बंपर लावला होता आणि पहिल्या पंधराएक किलोमीटरमध्येच तो गळून पडला, तो पुन्हा काही लावला नाही, अशी गोष्ट सांगतात. बंपरचा इतिहास असा बंपर पडण्यापासून सुरू होतो. १९२० नंतर पोलादी पट्टीचे बंपर सर्रास झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस त्यांवर क्रोमचा मुलामा आला. तिथून बंपरचे काम बदलले. गाडी वाचवायला लावलेली वस्तू इतकी देखणी झाली की आता तीच वाचवायची पाळी आली.

या चकाकीत क्रोमचा वाटा फार थोडा असतो. पोलाद घासून गुळगुळीत करायचे, त्यावर तांबे, तांब्यावर निकेल आणि अगदी वर क्रोमचा पापुद्रा. तो एका मायक्रॉनच्याही आत, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहून पातळ. गंजापासून खरे रक्षण करते ते निकेल. क्रोम फक्त निकेलचा पिवळसरपणा झाकतो आणि चरे पडू देत नाही. निकेलला बारीकसे छिद्र पडले की खाऱ्या हवेचा ओलावा आत शिरतो आणि पोलाद आतून खात सुटतो. वरून आरसा, आतून चाळण. गोव्यात ज्यांनी जुनी गाडी पाळली आहे त्यांना हे सांगायला नको. चार पावसाळे गाडी उघड्यावर राहिली की बंपरवर तपकिरी पुळ्या उठतात. मेस्तांच्या पाइपाला ते दुखणे नाही. त्यावर दर चवथीला रुपेरी रंगाचा हात फिरवला की झाले.

*

फियाट ही गाडी आपल्याकडे आली ती वालचंद हिराचंदांमुळे. सोलापूरचा हा माणूस १८८२ साली जन्मला आणि १९५३ साली गेला. मधल्या काळात जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात झाल्या पाहिजेत असा त्याने ध्यास घेतला. १९१९ ची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, १९४० चा बंगळूरचा विमान कारखाना आणि १९४४ ची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्याला. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट. पुढे १९७० च्या दशकात फियाटशी झालेला करार संपला तेव्हा त्याच गाडीचे नाव काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट होते (पुन्हा प्रेसिडेंट!) आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. जाळी बदलली, शोभेच्या पट्ट्या बदलल्या, अंगकाठी मात्र तीच. २००० सालाच्या आगेमागे उत्पादन थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली.

ही गेली तशी तिच्यावर जगणारी एक आख्खी दुनियाही चालली आहे. हजारो टॅक्सी रोज कुठे ना कुठे ठोकल्या जायच्या, म्हणून डेंटर होते, निकेल मारणारे होते, कुर्ल्याच्या रस्त्याला आणि चोर बाजारात बंपर थप्पीने उभे असायचे. टॅक्सीवाल्याला मूळ-बिळ काही नको असे. त्याला त्या दिवशीचा धंदा बुडायला नको असे. चेपलेला बंपर द्यायचा, ठोकून सरळ केलेला घ्यायचा, वर थोडे पैसे. तुमच्या गाडीवरचा बंपर आधी किती गाड्यांवर फिरून आला आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. आज जुन्या फियाटी हौसेने नीट करणारे 'मूळचा बंपर' म्हणून जो शोधून आणतात, तोही बहुधा असाच फिरस्ता असतो. मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, पण बाबा, निदान फियाटचा तरी असतो. याला उत्तर नाही.

*

गोव्याची गोष्ट मात्र जरा वेगळी. हिंदुस्थानात १९५० नंतर सरकारने परदेशी मोटारींची दारे हळूहळू लावून घेतली. ज्यांना इथे सुटे भाग बनवायचे नव्हते, नुसत्या पेट्या उघडून गाड्या जोडायच्या होत्या, त्यांना जागा उरली नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स १९५३-५४ मध्ये आपापले जोडणीचे कारखाने बंद करून निघून गेल्या. उरल्या मुख्यतः फियाट, अँबेसेडर आणि स्टँडर्ड. याच सुमारास, घाटाच्या अलीकडे, पोर्तुगिजांच्या गोव्यात उलटे घडत होते. लोहखनिज जपान आणि युरोपला जाऊ लागले, हातात पैसा खुळखुळू लागला. १९५५ साली भारताने आर्थिक नाकेबंदी केली. तिला उत्तर म्हणून पोर्तुगीज सरकारने समुद्रमार्गे माल येऊ दिला. घड्याळे, नायलॉन, दारू आणि मोटारी. सावंतवाडीच्या माणसाने फक्त चित्रात पाहिलेली गाडी म्हापशाच्या बाजारात शिंग वाजवत जायची. मर्सिडीज, ओपेल आणि फोक्सवॅगन ही नावे आमच्या वडीलमाणसांच्या तोंडी अशी यायची जणू शेजाऱ्यांचीच नावे. १९२८ साली पोर्तुगाल रस्त्याच्या उजव्या बाजूने जाऊ लागला, पण गोवा शेजारच्या हिंदुस्थानासारखा डावीकडूनच जात राहिला. राज्य लिस्बनचे, चाल मुंबईची.

१९ डिसेंबर १९६१ नंतर हे दार बंद झाले. गोव्यातल्या सगळ्या परदेशी गाड्या एका दिवसात अनाथ झाल्या म्हणा ना. गाडी आहे, पण तिचा दिवा फुटला तर दिवा नाही, बंपर वाकला तर बंपर नाही. स्वातंत्र्य आले, सुटे भाग गेले! (याबद्दल कुणाची तक्रार मी ऐकली नाही, ज्यांची होती ते मोठ्याने बोलले नसतील.) पण त्यातून गोव्यातल्या मेस्तांचा एक काळ सुरू झाला. परदेशी गाडीला अँबेसेडरचा दिवा, फियाटचा आरसा, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा कापून-जोडून बसवलेला बंपर. जड काम बेळगाव-कोल्हापूरला जायचे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम आणि लेथची जी विद्या जमली होती तिच्या जोरावर गोव्यातल्या कितीतरी गाड्या जगल्या. आमची फियाट देशी होती, तरी आमच्या मेस्तांचा हात या परदेशी अनाथांवर बसलेला होता. जे नाही ते करून लावायचे, एवढीच त्यांची रीत.

*

आता पाइपाच्या विरुद्ध बोलतो. मुलावर अन्याय नको.

फियाट ११०० ला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचे धड हेच तिचे हाडपेर. बंपरची ब्रॅकेटे या धडाच्याच पुढच्या दांड्यांना बोल्टाने बसतात. कंपनीचा बंपर पातळ पोलादाचा. धक्का बसला की तो आधी स्वतः वाकतो, मग ब्रॅकेट वाकते, तोवर जोर निम्मा होतो. जाड पाइप वाकत नाही. तो सगळा धक्का जसाच्या तसा मागे धडाकडे पाठवतो. बंपर शाबूत आणि गाडी वाकडी, असे होऊ शकते. शिवाय वजन. पुढच्या टोकाला टांगलेला प्रत्येक किलो पुढच्या स्प्रिंगवर रोज बसतो. आणि माणूस आडवा आला तर? पातळ पत्रा त्यातल्या त्यात दया करतो, पाइप करत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवले की गाड्यांपुढे लावलेले लोखंडी गार्ड मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाविरुद्ध आहेत, कारवाई करा. कारण पायी चालणारा आणि आत बसलेला, दोघांनाही त्यांचा धोका. पुढे २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येणार नाही असे म्हटले. आमचा पाइप हा गार्ड नव्हे, बंपरच आहे, असा युक्तिवाद मी करीन. पण ज्यांनी तो लावला ते स्वतःच त्याला वंय म्हणाले होते!

सगळ्या जगाने हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. अमेरिकेत १९७३ सालच्या गाड्यांपासून नियम आला की ताशी पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या धक्क्याने पुढचे दिवे आणि महत्त्वाचे भाग बिघडता कामा नयेत. युरोपातल्या नाजूक गाड्यांना अचानक ओंडक्याएवढे बंपर आले. इंग्लंडच्या एमजीबी या छोट्या उघड्या गाडीचा क्रोमचा सुंदर बंपर १९७४ च्या सप्टेंबरात गेला आणि काळ्या रबराचे थोराड नाक आले. बंपर ठरलेल्या उंचीवर हवा म्हणून गाडीही वर उचलली. ती वळणावर पूर्वीसारखी बसेना. आज तिकडचे हौशी लोक काय करतात? रबराचे नाक काढून जुना क्रोमचा बंपर लावतात. त्यासाठी पुढचा पत्रा कापतात, गाडी खाली उतरवतात. म्हणजे कारखान्यातून आलेले अस्सल रूप टाकायचे आणि त्या गाडीला कधीच नव्हते ते रूप 'मूळ' म्हणून चढवायचे. याच्या उलट, रबराचे नाक जपणारेही आहेत आणि ते म्हणतात, खरे मूळवाले आम्ही. युरोपातल्या जुन्या गाड्यांसाठी व्हिएतनाममध्ये स्टेनलेस स्टीलचे बंपर तयार होतात. ते कधी गंजत नाहीत, त्यांना मुलामा लागत नाही आणि दिसतात मुळापेक्षा मूळ! यातले खरे कुठले, हे एमजीबीवाल्यांनी आधी आपसात ठरवावे आणि मग आम्हाला सांगावे.

आपल्याकडे २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटली असतील, गाडी मूळ रूपात असेल आणि चासी, धड किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसेल तर ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला 'व्हीए' ही अक्षरे, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. मुलाच्या डोक्यात हे भरले आहे. वाचून पाहिले तर बंपर हा शब्द त्या व्याख्येत नाही. म्हणजे पाइप असला तरी चालावे. पण त्याच नियमांत दुसरे एक वाक्य आहे, ते मला जास्त खटकले. अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच.

आमची फियाट अजून बुधवारी बाजारात जाते. मासळी आणते. काकूला डॉक्टरकडे नेते. पाइपाने तिला आणखी सत्तेचाळीस वर्षे बाजारात जाऊ दिले. मूळ बंपरची वाट पाहत बसलो असतो तर ती १९७८ च्या पावसातच गोठ्याशेजारी गंजली असती आणि आज मूळ रूपात आणायला काही उरलेच नसते. जामसांवलीहून परतताना मला 'का नको' याचे उत्तर सापडले ते असे.

*

शेंदराची गोष्टही त्याच प्रवासात डोक्यात आली. मारुतीच्या अंगावर वर्षानुवर्षे शेंदूर-तेलाचे थर चढतात. नाक-डोळे बुजतात, कधी मूळ पाषाणच दिसेनासा होतो. लोक त्या थरालाच नमस्कार करतात. २०२२ साली नवरात्राआधी वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे हजार किलोहून अधिक शेंदराचे कवच काढले तेव्हा आतले जुने रूप दिसले आणि लोक थक्क झाले. काहींना रडू आले. काहींनी मात्र, आमची आई अशी नव्हती, असेही म्हटले असणार. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी थराचेच दर्शन घेतले त्यांचे काय चुकले? आणि आतले रूप मोकळे केले त्यांचेही काय चुकले? मूर्तीला अपाय न करता, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली थर उतरवला, हे मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

नागपूरकडे येताना त्या अँबेसेडरवाल्याचे बोलणे पुन्हा आठवले. भोकं तेच ठेवले. घरी आल्या-आल्या मी टॉर्च घेऊन आमच्या फियाटीखाली शिरलो. या वयात पुन्हा बाहेर यायला मुलाचा हात लागला, पण पाहायचे ते पाहिले. मेस्तांनी गाडीला एकही नवे भोक पाडलेले नाही. वेल्डिंग आहे ते पाइप आणि ब्रॅकेटाच्या मध्ये. धडाच्या पत्र्याला आगीचा डागसुद्धा नाही. चार बोल्ट सोडले की पाइप सुटतो आणि १९६६ सालच्या त्याच भोकांत फियाटचा बंपर जसाच्या तसा बसतो. पत्राशीही न शिकलेल्या त्या माणसाला मंत्रालयाची व्याख्या माहीत असण्याचे कारण नव्हते. जे आपण बनवले नाही त्याला कायमची इजा करायची नाही, एवढे त्यांच्या हाताला माहीत होते.

मुलगाही खाली वाकून पाहत होता. म्हणाला, मग दोन्ही ठेवू. रॅलीला क्रोम, बाजाराला पाइप. मी म्हटले, रॅलीच्या नोंदणीवर बाजार नाही, ते आधी ठरव. तो म्हणाला, मग नोंदणी नकोच, नुसता बंपर आणू.

आणि बंपर आमच्या घरातच निघाला. व्हीसारखा मोडलेला तो १९६६ चा बंपर बाबांनी टाकला नव्हता. गोठ्याच्या मागच्या दाराला आडणा म्हणून तो इतकी वर्षे लागत होता. शेण लागून काळा झालेला. सगळेजण त्याला आडणाच म्हणायचे, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आले नाही. राखेने घासला तर एका कोपऱ्यात बोटभर क्रोम चमकला. मधली घडी सरळ होईल असे डेंटर म्हणतो, पण तिथे पत्रा ताणला गेला आहे, थोडी लाट राहणार. ती राहू दे म्हटले. दोन टोकांना गंजाने जाळी पडली आहे, तिथे आतून पत्रा जोडावा लागेल.

मुलामा देणारा मिळणे जास्त कठीण गेले. क्रोमच्या टाकीतले पाणी विषारी असते. ते नाल्यात सोडता येत नाही, ते शुद्ध करण्याची सोय छोट्या कारखानदाराला परवडत नाही, म्हणून एकेक करून हे लोक बंद झाले. याला वाईट तरी कसे म्हणायचे? नदीचे पाणी आम्हालाच प्यायचे आहे. शेवटी घाटावर एक जण सापडला. बंपर हातात तोलून, उलटा-सुलटा करून त्याने विचारले, हा इतकी वर्षे होता कुठे? दाराला, म्हणून सांगितले. हसला. तांबे दोनदा चढवावे लागेल म्हणाला, भाव सांगितला आणि तारीख विचारली तेव्हा म्हणाला, तुम्ही गोव्याचे ना, मग चवथीनंतर या.

तोवर गोठ्याचे मागचे दार दोरीने बांधून ठेवले आहे.